कोपराखाली चार बोटं

ज्या दिवशी मी चुकीच्या घरात शिरून चुकीच्या स्वयंपाकघराची मापं घेतली, त्या दिवशी ऑफिसात मला भरपूर बोलणी बसली. बसायलाच हवी होती. पत्ता बरोबर होता – चौथा मजला, उजवीकडचं दार. फक्त इमारत चुकली होती. दोन इमारती जुळ्या बहिणींसारख्या, रंग तोच, जिने तेच... आणि मी नेहमीप्रमाणे घाईत.

दार उघडलं ते एका उंच माणसाने. खांद्यावर टॉवेल, हातात उलथणं, आणि मागून धुराचा लोट.

"बरं झालं आलात!" तो म्हणाला. "या, आत या. तिकडेच आहे."

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. लोकांच्या घरातली स्वयंपाकघरं आखून द्यायची आणि सुताराच्या मागे लागून ती पुरी करून घ्यायची, हे माझं काम. 'या, आत या' असंच म्हणतात मला सगळे. मी आत गेले, पिशवी खाली ठेवली, टेप काढली आणि खिडकीखालच्या भिंतीला लावली.

"आठ फूट दोन इंच," तो मागून म्हणाला.

मी टेपवर पाहिलं. आठ फूट दोन इंच.

खिडकीकडे वळले. "तीन फूट... साडेतीन," पुन्हा मागून आवाज. पुन्हा बरोबर! मी वळून पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि चौकटीला टेकून त्याला मान जरा तिरकी करावी लागत होती.

"आधी मोजून ठेवलंय वाटतं?"

"छे! बंदरावर क्रेन चालवतो. वरून खालची मालाची पेटी किती लांब आहे ते नजरेनेच ठरवावं लागतं. सवय लागलीय."

"मग माझी टेप ठेवू का पिशवीत?"

"ठेवा की. मी कधीचा विचार करतोय – पंखा दुरुस्त करायला इतकं मोजावं लागतं?"

"कुठला पंखा?"

"धुराचा. बंद पडलाय. तुम्ही त्यासाठीच..."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून खणखणीत आवाज आला, "अरे, कांदा करपला! गप्पा नंतर मारा!"

तो शेगडीकडे धावला. मी पिशवी उचलून जिन्याकडे. खाली पोचेपर्यंत त्याच्या हसण्याचा आवाज येत होता... आणि खरं सांगायचं तर माझाही.

तीन दिवसांनी, माझ्या पिशवीवर छापलेल्या नंबरावरून शोधून, त्याचा ऑफिसात फोन आला. 'तुमच्याकडची ती चुकून येणारी बाई आहे का?' असं त्याने विचारलं म्हणे. फोन माझ्या हातात देताना ऑफिसातल्या सगळ्यांचे कान टवकारले होते.

"पंखा लागला का?" मी विचारलं.

"लागला. पण तुम्ही आमचं स्वयंपाकघर ज्या नजरेनं बघत होतात ना, ती नजर पंखेवाल्याची नव्हती. तुम्हाला दया येत होती त्याची."

"थोडीशी."

"मग या. या वेळी मुद्दाम या."

घरात दोघेच. तो आणि त्याचे बाबा. आई सहा वर्षांपूर्वी गेलेली. बाबांनी बंदरावरच्या कँटीनमध्ये तीस वर्षं स्वयंपाक केलेला, रोज तीनशे माणसांचा. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. काठीने चालू लागले, जीभ तर आधीपेक्षा धारदार झाली, पण डावा हात काही परत आला नाही. तेव्हापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. मुलगा शिजवायचा आणि बाबा बाहेरच्या खुर्चीत बसून नुसत्या वासावरून त्याच्या चुका काढायचे.

"तू घरी काय शिजवतेस?" त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला.

"अंडी... उकडते."

"आणि?"

"आणि मीठ घालते."

ते मुलाकडे वळले. "छान! पोहता न येणाऱ्याला तळं खणायला बोलावलंस." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बघ मापवाले. आधी इथे काहीतरी शिजव. मग चित्र काढ."

मला राग यायला हवा होता. पण माणूस बरोबर बोलत होता. सात वर्षं मी लोकांना ओटे आखून देत होते आणि त्यातल्या एकाही ओट्यावर साधा बटाटा चिरला नव्हता.

मी भाज्यांचं सूप करायला घेतलं. सुरी एका कोपऱ्यात, चिरायची फळी फ्रिजच्या मागे. बेसिन या भिंतीला आणि शेगडी समोरच्या भिंतीला, त्यामुळे धुतलेल्या भाजीचं पाणी फरशीभर. दिवा पाठीमागे, म्हणून माझीच सावली सुरीवर पडायची आणि बोट कुठे, गाजर कुठे, ते कळेना. पातेल्यासाठी खालच्या कपाटात डोकं घातलं तर तीन झाकणं कोसळली. तो दारात उभा राहून इतका हसत होता की शेवटी मी त्याच्या हातात गाजर दिलं.

"हसताय काय, सोला!"

"कुठे उभा राहून सोलू? दोघं मावतच नाही इथे." हे म्हणतच तो येऊन शेजारी उभा राहिला. खरंच मावत नव्हतो. माझा खांदा त्याच्या दंडाला लागत होता. दोघांपैकी कोणीही सरकलं नाही.

चाळीस मिनिटांनी सूप झालं. बाबांनी दोन चमचे घेतले.

"मीठ कमी आहे. पण ते जाऊ दे. बेसिनपासून शेगडीपर्यंत तू बावीस वेळा गेलीस. इथून मोजत होतो." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मला काठी टेकत एकदा जायचं म्हटलं तरी मनाची तयारी करावी लागते. आणि काठी धरली की पातेलं धरायला हात उरत नाही."

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. हे त्यांनी आधी कधीच बोलून दाखवलं नसावं.

रात्रीपर्यंत थांबलेच नाही, त्याच संध्याकाळी चित्र काढायला बसले. खिडकीखाली एक सलग ओटा. त्यातच लहान बेसिन, मग चिरायची जागा, मग शेगडी. सगळं एका पातळीत, म्हणजे भरलेलं पातेलं उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. शेगडीपर्यंत पोचणारा लांब नळ. ओट्याखाली कपाट नाही, मोकळी जागा, म्हणजे स्टुलावर बसून गुडघे आत घालता येतील. फळीला खालून ठोकलेले दोन खिळे, कांदा त्यांच्यावर टोचून ठेवला की एका हाताने चिरता येतो. आणि समोरच्या भिंतीला दुसरा ओटा, उंच, मोठ्या बेसिनचा. भांडी घासून कंबर धरणाऱ्या मुलासाठी.

बाबांनी चित्र पाहिलं आणि बाजूला सारलं. "हे आजाऱ्याचं स्वयंपाकघर आहे. एकाच घरात दोन उंचीचे ओटे? येणारा-जाणारा काय म्हणेल?"

"एकाच घरात दोन उंचीची माणसं आहेत ना, बाबा."

"मला कागदावरचं कळत नाही," ते म्हणाले. आणि संवाद संपला.

आता यावर उपाय एकच. कागदावरचं कळत नसेल तर खोक्यांचं करायचं. दोन दिवसांनी मी दुकानांतून रिकामी खोकी गोळा करून नेली. त्या दिवशी वारा सुटला होता, आणि वारा वाढला की बंदरावरच्या क्रेन बंद ठेवतात, त्यामुळे तो दुपारीच घरी आलेला. आम्ही दोघांनी बाहेरच्या खोलीत खोक्यांचा ओटा रचला. चिकटपट्टी मी कापायची, त्याने लावायची.

"तुमची उंची घ्यायची राहिली," मी म्हणाले. "सरळ उभे राहा. हात कोपरात वाकवा."

"नजरेने सांगू?"

"स्वतःचं कोपर नजरेने कसं मोजणार? गप्प उभे राहा."

तो गप्प उभा राहिला. मी टेपचं एक टोक पायाने दाबून धरलं आणि दुसरं त्याच्या कोपराला लावलं. बाहेर वाऱ्याने खिडकी धडधडत होती. आकडा समोर होता, पण मला तो काही केल्या वाचता येईना...

"किती?" त्याने हळूच विचारलं.

"त्रेचाळीस. ओटा कोपराखाली चार बोटं असावा. म्हणजे तुमचा आत्ताचा सात इंच ठेंगणा आहे."

"आणि तुमच्यासाठी?"

"मला ठीक आहे. माझ्याच मापाचा आहे."

"आईच्या मापाचा होता तो," तो म्हणाला. सहज म्हणाला, पण नजर माझ्यावरून हलली नाही. मीच टेप गुंडाळायला घेतली. ती दोनदा सुटली.

बाबा हे सगळं बघत होते की नाही, देव जाणे. ते काठी टेकत आले, खोक्यांसमोर स्टुलावर बसले. मी एका पातेल्यात पाणी भरून ठेवलं होतं. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि पातेलं बेसिनच्या खोक्यावरून शेगडीच्या खोक्यावर सरकवलं. थेंबही सांडला नाही. मग परत सरकवलं. मग पुन्हा.

"आईचा ओटा फोडावा लागेल, बाबा," मुलगा म्हणाला.

"मग फोड. ती असती तर तिनेच मागे लागून फोडून घेतला असता." पातेल्यावरचा हात न काढता ते म्हणाले, "दोन उंचीचे तर दोन उंचीचे."

काम सुरू झालं. सुतारकाका माझे जुने, हाताला पक्के आणि तोंडाला त्याहून मोकळे. मी दर दोन दिवसांनी बघायला जायचे. खरं तर आठवड्यातून एकदा पुरलं असतं. सकाळी उठल्या उठल्या मी खिडकीतून समोरचं झाड हलतंय का ते बघू लागले होते. झाड हललं की वारा, वारा असला की क्रेन बंद, आणि क्रेन बंद असली की... असो. त्या दिवसांत मी घातलेले कपडे कामाच्या जागी घालण्यासारखे नव्हते, हे सुतारकाकांनीच मला सांगितलं.

"आज इतकं छान कोणासाठी? भुसा लागेल सगळा."

"भुशासाठीच घातलेत," त्याने मागून उत्तर दिलं. "भुशालाही कधी कधी बरं वाटू दे की."

मी ड्रॉवरमध्ये डोकं घालून काहीतरी तपासत राहिले. कान मात्र बाहेरच होते.

मग एके दुपारी सुतारकाका रंधा मारता मारता म्हणाले, "पंधरा तारखेच्या आत आटपतो बघा. सोळाला पोराला निघायचंय ना."

"कुठे निघायचंय?"

"तुम्हाला नाही माहीत? त्या दुसऱ्या बंदरावर. नव्या क्रेन आल्यात तिथे. आठ महिन्यांचं काम आहे म्हणाला."

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तो कामावरून आला, मला पाहून दोन पायऱ्या एकदम चढला आणि माझा चेहरा बघून तिसऱ्या पायरीवर थांबला.

"सुतारकाका बोलले," मी म्हणाले.

"सांगणार होतो..."

"कधी? सतरा तारखेला?"

"तसं नाही. या कामासाठी चार वर्षं थांबलोय मी. पण बाबांना एकटं कसं सोडणार? तुम्ही त्या दिवशी चुकून आलात, आणि वाटलं, त्यांना परत शिजवता आलं तर... तर जमेल."

"त्यांना माहीत आहे?"

"अजून नाही."

"कमाल आहे! म्हणजे मी इतके दिवस त्यांच्यासाठी ओटा करतेय आणि तुम्ही तुमच्यासाठी पळवाट." माझा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मला नाही सांगितलंत, ते सोडा. मी कोण? पण त्यांना आजच्या आज सांगा."

"तुम्ही कोण ते..." तो म्हणू लागला. मी खाली उतरले. घरी जाऊन अंडी उकडली आणि त्यांत मीठ घालायचं विसरले.

त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. बाबा फक्त 'बरं' म्हणाले, आणि त्यानंतर चार दिवस 'बरं'च्या पुढे गेले नाहीत. चौदा तारखेला काम पुरं झालं. दोन्ही ओटे चकचकीत, शेगडीवर दिवा, नळ हवा तिथे पोचणारा. बाबांनी आत डोकावूनही पाहिलं नाही.

पंधराला सकाळी मी शेवटची तपासणी करायला गेले. तो बंदरावर कागदपत्रं पुरी करायला गेला होता. दार बाबांनी उघडलं आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

"तुला माहीत होतं?"

"चार-पाच दिवसांपूर्वी कळलं. सुतारकाकांकडून."

"राग आला?"

"खूप."

"मग आज कशाला आलीस?"

"ड्रॉवर नीट सरकतात का ते बघायला."

"ड्रॉवर!" त्यांनी हसल्यासारखं काहीतरी केलं. मग म्हणाले, "जाण्याचं दुःख नाही गं. मीही तरुणपणी दोन वर्षं बोटीवर स्वयंपाक करत होतो. पण म्हाताऱ्याला आधी नीट बसवायचं, मग हळूच सांगायचं... मी काय त्याची पेटी आहे? इथून उचलली, तिथे ठेवली?"

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"बाबा, तुमचं भांडण त्याच्याशी आहे, ते चालू द्या. पण माझं एक काम करा. सात वर्षांत मी चाळीसेक स्वयंपाकघरं केली. लोक छान म्हणतात, फोटो काढतात, दार लावून घेतात. त्यात खरंच शिजवायला सोपं जातं का, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही पहिले होतात, ज्यांनी मला आधी शिजवायला लावलं. तुम्ही आत आला नाहीत, तर मी बरोबर केलं की चूक, ते मला कळणारच नाही."

त्यांनी मग काठी उचलली.

आत येऊन स्टुलावर बसले. पाय आत घातले. नळ सोडला, बंद केला. पातेलं सरकवलं. फळीवर हात फिरवला.

"सुरी कुठे?"

"ड्रॉवरमध्ये. तिथे, डाव्या बाजूला."

"डाव्या?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "माझा कुठला हात चालत नाही, मापवाले?"

नळापासून खिळ्यांपर्यंत सगळा विचार केला, आणि सुरीचा ड्रॉवर निकामी हाताकडे! "चुकलं, बाबा... उद्या सुतारकाकांना बोलावून लगेच बदलते."

"उद्याचं उद्या. सुरी काढून इथे उजवीकडे ठेव. कपडा पण. मीठ पुढे घे. तेलाची बाटली इतकी लांब ठेवतात का? आण इकडे! कांदे दे."

ते चिडले होते, मनापासून चिडले होते, आणि चिडता चिडता त्यांनी कांदा खिळ्यांवर टोचून अर्धा चिरूनही टाकला. मग थांबले. चिरलेल्या कांद्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कांदाच असेल.

"उभी काय राहिलीस? टोमॅटो धू," ते म्हणाले.

तो दुपारी परत आला तेव्हा मी भांडी घासत होते आणि बाबा मासे तळत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि तिथेच थबकला. कागदांची पिशवी त्याच्या हातातून कधी खाली गेली, ते त्यालाही कळलं नसेल.

"बाबा..."

"मासे जळतील, मध्ये बोलू नकोस." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "जा तू. आठ महिने काम कर, शिकून ये. माझं मी बघेन. पण पुन्हा कधी माझ्यापासून काही लपवलंस तर हेच उलथणं डोक्यात घालीन."

"नाही लपवणार."

"आणि आणखी कोणाला काही सांगायचं राहिलं असेल तर तेही आत्ताच सांगून टाक. सोळा तारीख उद्या आहे."

स्वयंपाकघरात आता तीन माणसं आरामात मावत होती. तरी तो माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. माझे हात साबणाने भरलेले.

"त्या दिवशी जिन्यात तुम्ही विचारलंत, मी कोण म्हणून," तो म्हणाला. "मला तेव्हाच सांगायचं होतं. तुम्ही येणार असाल त्या दिवशी मी... मी वरून खाली बघतो तेव्हाही माझं लक्ष नसतं हो. एकदा पेटी चक्क दुसऱ्याच ट्रकवर ठेवली. मला तुम्ही आवडता. खूप. पण आठ महिने थांबा, असं कोणत्या तोंडाने विचारू?"

"मग विचारू नकोस."

त्याचा चेहरा पडला. "बरोबर आहे तुमचं."

"काय बरोबर आहे? थांबायला मी काय बसस्टॉप आहे? मी माझी कामं करणार. रविवारी इथे येऊन बाबांकडून स्वयंपाक शिकणार. तू रोज फोन करायचास, आणि काही लपवायचं नाहीस. इतकं जमतंय का बघ."

"म्हणजे..." तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुमचं उत्तर काय समजू मी?"

बाबांनी शेगडी बंद केली आणि पहिल्यांदा आमच्याकडे वळले.

"अरे गाढवा, मघापासून ती तुला 'अरे-तुरे' करतेय. अजून काय, स्टँपपेपरवर लिहून हवंय?"

त्याचे कान लाल झाले. मग तो हसला, आणि साबणासकट माझा हात हातात घेऊन म्हणाला, "जेवशील ना गं?"